मागे बसणाऱ्याची होडी

होडी घ्यायची म्हटलं की गप्पा सुरू होतात त्या हॉर्सपॉवरपासून. नऊ पॉइंट नऊ पुरेल का? पंधराचं घ्यावं का? शेजारच्याने पंचवीसचं लावलंय, मग आपणच का मागे राहायचं? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. पहिला प्रश्न असा, की ही होडी चालवणारा बसणार कुठे?

स्टिअरिंगच्या बोटीत चालक मधोमध बसतो आणि केबलच्या जोरावर मागचं इंजिन वळवतो. हँडलच्या होडीत ही चैन नाही. इंजिन मागच्या फळीला लटकलेलं, हँडल थेट इंजिनातून बाहेर आलेलं आणि ते धरणारा माणूस त्याच्या हातभर अंतरावर. पेट्रोलची टाकीही बहुधा त्याच्याच पायाशी. ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन ४० ते ४५ किलोंचं, माणूस ७० किलोंचा, २५ लिटरची भरलेली टाकी जवळपास २० किलोंची. सेल्फ स्टार्टचं इंजिन असेल तर बॅटरी वेगळी. म्हणजे १८ फुटी होडीच्या शेवटच्या तीन फुटांत सव्वाशे-दीडशे किलो वजन साठतं, आणि पुढचे पंधरा फूट जवळजवळ रिकामे. कॅरिअरवर सिमेंटची पिशवी बांधलेली सायकल ज्यांनी चढावर चालवली असेल, त्यांना पुढचं हँडल कसं हलकं पडतं ते वेगळं सांगायला नको. छोट्या होडीच्या निवडीतले आणि मांडणीतले बहुतेक निर्णय या एका वजनाभोवती फिरतात. हॉर्सपॉवरचा निर्णयसुद्धा.

मग लोक हँडलची होडी घेतातच कशाला? स्वस्त पडते, हे खरं, पण तेवढंच नाही. खाऱ्या हवेत जे जे बिघडू शकतं ते तिच्यात नसतंच. स्टिअरिंगची केबल नाही, तिचा गंज नाही, गिअरची लांब तार नाही. होडीचा मधला भाग मोकळा राहतो आणि जाळं ओढणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. शिवाय हँडलमधून पाणी कळतं. पंखा उथळ पाण्यात चिखल घुसळायला लागला किंवा जाळ्याचा दोर त्यात अडकू लागला, तर डोळ्यांच्या आधी तळहाताला समजतं.

या सगळ्याचा पाया अमेरिकेत मिलवॉकीला घातला गेला. लहानपणी नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या ओले एव्हिनरुड यांनी १९०९ मध्ये आपलं इंजिन बाजारात आणलं. दीड हॉर्सपॉवर आणि वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळायचं, वर इंजिन, मधे उभी दांडी, खाली पंखा, आणि सगळंच्या सगळं वळवून दिशा बदलायची. सव्वाशे वर्षं होत आली तरी मूळ रचना तीच आहे. बदललं ते वजनाचं आणि ताकदीचं गणित.

आता होडी. कोकणातली एक नेमकी गरज समोर धरू या: खाडीत आणि किनाऱ्यालगत गिलनेट टाकायची, कधी गरीने मासे पकडायचे, दोघं-तिघं माणसं, पहाटे जायचं आणि दुपारपर्यंत परतायचं. सिंधुदुर्गात या कामासाठी पूर्वीपासून अरुंद लाकडी होडी आणि तिच्या एका बाजूला उलांडी असा जोड वापरात आहे. अरुंद होडी वल्ह्याला हलकी जाते आणि तिचा उलटण्याचा धोका उलांडी सांभाळते. लाकूड टिकावं म्हणून त्याला उंडीचं तेल लावायचं. आता नवी होडी घेणारे बहुतेक जण फायबरची घेतात. तिला दरवर्षी तेल लागत नाही, किडा लागत नाही, गळती कमी. पण एक गोष्ट लाकडी होडीकडून फायबरकडे येताना हरवते. जुनी होडी वल्ह्यासाठी घडवलेली असायची आणि वजन मधे बसेल हे तिच्या आकारातच गृहीत होतं. तोच आकार फायबरच्या साच्यात ओतून मागे इंजिन लटकवलं, की होडीचं बूड मागे रुततं. म्हणून इंजिनासाठीची होडी पाहताना तिच्या मागच्या टोकाकडे आधी पाहा. ते निमुळतं होत गेलेलं असेल तर तिथे वजन पेलायला पाणीच अपुरं पडतं. मागची फळी रुंद आणि बूड शेवटपर्यंत भरदार असेल तर मागचं ओझं होडी सहज उचलते.

तळाचे आकार मुख्यतः दोन-तीनच. सपाट तळ खाडीत उत्तम. उथळ पाण्यात जातो, माणूस काठाशी उभा राहिला तरी फारसा कलत नाही. पण समुद्राच्या लाटेवर तो आपटतो, आणि पहाटेपासून असं आपटत राहिलं की कंबर बोलू लागते. इंग्रजी व्हीसारखा खोल तळ लाट कापतो, पण उभं असताना डुलतो आणि त्याला ढकलायला ताकद जास्त लागते. आपल्या गरजेला मधला मार्ग बरा, म्हणजे पुढे व्ही आणि मागे जवळपास सपाट होत गेलेला तळ.

किती माणसं? अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींसाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणायची आणि १५ ने भागायचं. १८ बाय ५ ची होडी असेल तर उत्तर येतं सहा. मात्र हा आकडा शांत हवेतला आणि रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसांचा आहे. भिजलेलं जाळं, बर्फ, मासळीच्या पेट्या, नांगर हे सगळे प्रवासीच समजायचे. सहाच्या होडीत तिघांनी जावं आणि उरलेल्या तीन जागा जाळ्याला द्याव्यात.

आता मागच्या फळीकडे येऊ. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल.

आउटबोर्ड इंजिनं पायाच्या लांबीनुसार मुख्यतः तीन मापांत येतात: १५, २० आणि २५ इंच. फळीची उंचीही त्याच मापाची हवी. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. इंजिन बसवल्यावर ती होडीच्या तळाशी समपातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली यायला हवी. पट्टी फार वर राहिली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी जागच्या जागी राहते. फार खाली गेली तर पाय नुसताच पाण्यात ओढत राहतो आणि पेट्रोल खातो. एवढं बहुतेक विक्रेते सांगतात. फळीची उंची म्हणजे मागच्या बाजूने पाणी आत यायला लागणारी उंचीही असते, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १५ इंची इंजिनासाठी कापलेल्या फळीवर वजन बसलं की पाण्यापासून काठापर्यंत एखादी वीतच उरते.

कोकणात तर हे फारच महत्त्वाचं. पावसाळा सोडला तर इथला दिवस ठरलेला असतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा होडी हलकी असते आणि पाणी शांत. दुपार चढू लागली की वारा फिरतो आणि समुद्रावरून किनाऱ्याकडे येऊ लागतो. त्याच वेळी तुम्ही परत फिरलेले असता. होडीत ओलं जाळं, मासळी, दमलेली माणसं, आणि लाटा मागून. खाडीच्या तोंडाशी, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तसल्या ठिकाणी, वाळूच्या दांड्यांवर त्या लाटा उंच होऊन फुटतात. होडीचं सगळ्यात जड टोक नेमकं त्यांच्याकडे असतं आणि सगळ्यात कमी उंचीचा काठही तोच. म्हणून समुद्रात जाणाऱ्या होडीला २० इंची फळीच घ्यावी. फळीच्या आतल्या बाजूला आडवा बंदिस्त कप्पा असेल आणि त्याला बाहेर पाणी सोडणारी भोकं असतील तर आणखी चांगलं. मागून आलेलं पाणी त्या कप्प्यात पडतं आणि बाहेर जातं, होडीत उतरत नाही.

जुनी होडी घेताना पारख करायची तीही इथेच. फायबरच्या होडीत मागची फळी नुसत्या फायबरची क्वचितच असते. आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून रंग मात्र चकचकीत. हातोडीच्या दांड्याने फळी ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, जिथे भद्द वाजतं तिथे आत लगदा झालेला असतो. मग इंजिनाचा पाय धरून सावकाश पुढे-मागे ओढा आणि फळी-बुडाच्या सांध्यावर नजर ठेवा. केसाएवढी फट उघड-मीट होताना दिसली तर किंमत कितीही उतरली तरी ती होडी सोडून द्यावी. मागची फळी नव्याने बसवणं म्हणजे अर्धी होडी नव्याने बांधणं. तळावर बोट रुतेल असा मऊ भाग, बुडाच्या कण्याची वाळूवर ओढून झालेली झीज आणि फोम भरलेल्या कप्प्यांचं वजनही तपासा. फोम पाणी पिऊन बसला असेल तर होडी अकारण जड असते, आणि बुडताना तिला वर धरायला तोच फोम कामाचा राहत नाही.

इतकं झाल्यावर हॉर्सपॉवर. इथे अमेरिकेचा आणखी एक नियम बोलका आहे. २० फुटांखालच्या बोटीला जास्तीत जास्त किती ताकदीचं इंजिन लावावं, याचं सूत्र तिथे लांबीला मागच्या फळीच्या रुंदीने गुणून काढतात. १८ फूट लांबी आणि ४ फूट फळी असेल तर ७२. याच बोटीला स्टिअरिंग आणि २० इंची फळी असेल तर ७२ ची दुप्पट करून ९० वजा करायचे, म्हणजे ५४, आणि पाचाच्या पटीत वर नेऊन ५५ हॉर्सपॉवर. तीच बोट हँडलची असेल तर ७२ गुणिले ०.८ वजा २५, म्हणजे ३५ च्या आत. आणि तळ सपाट, कडा तीक्ष्ण असेल तर २५ वरच थांबायचं. होडी तीच, पाणी तेच, पण चालवणारा मागे बसला म्हणून मर्यादा ५५ वरून ३५ वर येते.

ही झाली कमाल. गरज त्याहून पुष्कळ कमी असते. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या होडीच्या वेगाला निसर्गानेच कुंपण घातलेलं आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्या आणि त्याला १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये मिळतं. १६ फुटांसाठी हा वेग साडेपाच नॉट्सच्या जरा खाली, म्हणजे तासाला सुमारे १० किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. तोंड वर, बूड खाली आणि पेट्रोलचा धूर. हा चढ ओलांडून पाण्यावर घसरत जायचं तर ताकद तर लागतेच, पण होडी हलकीही लागते. जाळ्यांनी भरलेली होडी तसं जाऊ शकत नाही, मग पंचवीसचं इंजिन लावूनही ती चढावरच लोंबकळत राहते. नॉर्वेचे नौकारचनाकार ऊय्विंड गुलब्रान्सेन यांनी १९७९ मध्ये सुरू झालेल्या बंगालच्या उपसागराच्या मत्स्य-प्रकल्पासाठी भारत-श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर काम केलं. लहान मच्छीमार होड्यांच्या इंधन-बचतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत सगळ्यात मोठा भर आहे तो वेग कमी करण्यावर. बचतीचा एवढा मोठा आणि फुकटचा मार्ग दुसरा नाही. आपल्या १८ फुटी होडीला ९.९ चं इंजिन साधारण पुरेसं आहे, खाडीची ओढ जोराची असेल तर १५. त्यावरचं माझ्या मते हौसेचं. हौसेला हरकत नाही, मात्र तिचं वजनही मागेच बसतं.

पंख्याबद्दल थोडं. इंजिनासोबत येणारा पंखा बहुधा हलक्या, वेगाने पळणाऱ्या बोटीच्या हिशेबाचा असतो. पंख्याचा पिच म्हणजे एका फेरीत तो कागदावर किती इंच पुढे जाईल ते. १० किलोमीटरने जाणाऱ्या जड होडीला ९ किंवा १० इंच पिच म्हणजे डोंगर चढताना टॉप गिअर. इंजिन गुदमरतं, काजळी धरतं. पिच इंचभर कमी केला की पूर्ण थ्रॉटलला फेरे मिनिटाला साधारण दोनशेने वाढतात. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात, फोर-स्ट्रोकला अनेकदा ५,००० ते ६,००० च्या दरम्यान, भरलेली होडी पोचेल असा पंखा घ्यावा. आणि एक सुटा पंखा होडीत ठेवावा. मालवणच्या खडकांना तुमच्या हिशेबाशी देणंघेणं नसतं.

आता मांडणी, म्हणजे मागचं ओझं पुढे सरकवण्याची कला. टाकी पायाशी ठेवू नका. लांब नळी घ्या आणि टाकी मधल्या फळीच्या पुढे बांधा. नळीवरच्या रबरी फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे असायला हवा. बॅटरीही पुढे. नांगर आणि त्याचा दोर अगदी तोंडाशी. हँडलला पोकळ प्लास्टिक पाइपचा जोड लावला तर चालवणारा दोन-अडीच फूट पुढे बसू शकतो, आणि ७० किलो दोन फूट पुढे सरकणं हा या सगळ्यांतला सगळ्यात परिणामकारक बदल आहे. जोड मात्र थ्रॉटलच्या मुठीवर घट्ट बसलेला हवा. लाटेत तो सुटून हातात आला तर पंचाईत.

बहुतेक इंजिनांत चालवणारा उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने हँडल धरतो. म्हणून होडी उजवीकडे कलते, आणि टाकी-बॅटरी डावीकडे बांधून ते सावरता येतं. त्यानंतर इंजिनाच्या कोनाची पिन. ती फळीच्या जवळच्या भोकात घातली की होडीचं तोंड खाली येतं, लांबच्या भोकात घातली की वर जातं. मागे जड असलेल्या होडीला सुरुवात आतल्या भोकापासून करावी. होडी एका बाजूला ओढत असेल आणि हँडल सतत दाबून धरावं लागत असेल, तर पंख्यावरच्या आडव्या पट्टीखाली एक छोटा पंख असतो. होडी ज्या बाजूला ओढते, त्याच बाजूला त्याचं मागचं टोक थोडं वळवायचं. हातातला जोर निघून जातो. लोक वर्षानुवर्षं दंड दुखवत होडी चालवतात आणि हा एक बोल्ट सैल करत नाहीत.

किल स्विचची लाल दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवणं हँडलच्या होडीत सर्वात महत्त्वाचं. स्टिअरिंगची बोट चालक पडल्यावर बरेचदा सरळ जात राहते. हँडल सुटलं तर मात्र पंख्याच्या ओढीने इंजिन स्वतःच एका बाजूला वळतं, होडी गोल फिरू लागते आणि फिरून पाण्यात पडलेल्या माणसावरच येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर ही दोरी कायद्याने सक्तीची केली आहे. आपल्याकडे ती बहुतेक होड्यांत इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते. जॅकेट आणि भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक याच रांगेतला.

परवाना, नोंदणी आणि होडीवरचा क्रमांक याची चौकशी पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्यात करावी, नंतर नव्हे. इंजिन लावल्याने होडीचा वर्ग बदलतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते आणि बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट. गोव्यात या काळात गिलनेट वापरणाऱ्या, १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या नोंदणीकृत होड्यांनाही मुभा असते, त्यामुळे ९.९ आणि १५ मधली निवड तिथे दोन महिन्यांच्या कमाईची होऊन बसते.

हे दोन महिने इंजिनालाही जड जातात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला दमटपणा शोषतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. बंदीआधी टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करावेत, नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा, आणि समुद्रातून परतल्यावर दर वेळी इंजिनातून गोडं पाणी फिरवावं.

पहिली फेरी खाडीतच, भरतीच्या पाण्यात आणि नेहमीच्या ओझ्यासह. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही, म्हणून जाळं नसेल तर तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरा. निघण्यापूर्वी बुडाचं बूच लावलंय ना ते पाहा. इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी सलग पडतेय ना, तेही पाहा. मग एक जण किनाऱ्यावर उभा राहून बाजूने बघेल. निम्म्या वेगाला होडीचं तोंड आडव्या रेषेच्या किंचित वर असावं. ते आकाशाकडे असेल तर टाकी अजून पुढे, पिन एक भोक आत. पूर्ण थ्रॉटलचे फेरे लिहून ठेवा. किती पेट्रोल गेलं तेही लिहा, कारण पुढचा सगळा हिशेब तिसऱ्या हिश्श्यांचा असतो: एक जायला, एक यायला, एक तसंच शिल्लक. पुस्तिकेत सांगितलेले सुरुवातीचे तास झाले की गिअरचं तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढा. ते दुधाळ असेल तर पंख्याच्या दांड्याजवळच्या सीलमधून पाणी आत शिरतंय, आणि पहिल्यांदा समुद्रात जायच्या आधी ते सील बदलून घ्यायचं आहे.